पाच फुटी सरी

अण्णासोंनी ज्या सकाळी केसांना काळं लावलं, त्याच सकाळी ऊसतोडीची टोळी हातची गेली.

मुकादम आपल्या पायांनी दारात आला होता. मागं कोयतेवाले, त्यांच्या बायका, भांडीकुंडी असा सगळा बारदाना रस्त्याच्या कडेला बसला होता. "उपसरपंच हायत न्हवं घरात?" त्यानं रीतीनं विचारलं. अण्णासो उपसरपंच होते त्याला एक जमाना लोटला. पण ज्याला त्यांच्याकडून काही काढून घ्यायचं असतं तो त्यांना अजून उपसरपंचच म्हणतो, आणि अण्णासोंनाही ते खरं वाटतं. त्या वेळी ते आतल्या खोलीत आरशासमोर, डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून, रंग चढायची वाट बघत बसले होते.

"अण्णा, मुकादम आलाय. निस्तं व्हय म्हणायचं हाय," थोरली लेक दीप्ती दारातून म्हणाली.

"बसीव त्येला. ह्या अवतारात मी भाईर येऊ?"

"मग खिडकीतनं म्हणा."

"खिडकीतनं बोलायला मी काय शेजारीण हाय कुणाची?"

दीप्ती बाहेर आली. "लावा कोयता. मी सांगते न्हवं."

मुकादम हसला. वाईट माणूस नव्हता. "ताई, मालकाच्या तोंडनं ऐकाय पायजे. तुमच्या शब्दावर कोयता लावायचा आन् उद्या मालकानं न्हाय म्हणायचं, मग मी कुणाच्या तोंडाकडं बघू?" त्यानं तंबाखू मळली, खाल्ली, थुंकला, आणखी जरा वेळ थांबला. मग पलीकडच्या शिवारातून दुसऱ्याचा फोन आला आणि सगळा बारदाना उठून चालू लागला. अण्णासो डोकं धुऊन, कडक इस्त्रीचा सदरा घालून बाहेर आले तेव्हा रस्त्यावर फक्त धूळ होती.

"गेला? थांबायचं कळत न्हाय? लोकास्नी मान द्याय नगं आता," अण्णासो म्हणाले, आणि चहा मागितला.

दीप्तीनं चहा टाकला. दुसरं काय करणार? या घरात कुणी चूक केली की चहा दीप्तीलाच टाकावा लागे.

पन्हाळ्याच्या पायथ्याची ही वाडी. फेब्रुवारी लागला होता. सगळ्या शिवारातला ऊस तुटून गेला होता आणि अण्णासोंचा तेवढा उभा होता, डोक्यावर पांढरे तुरे घेऊन. तुरा आला की ऊस आतून पोकळ व्हायला लागतो, वजन जातं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अण्णासो मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमचा ऊस बघा, कसा तुऱ्यावर आलाय."

त्या उसाची आणखी एक गोष्ट गावात चेष्टेची होती. सगळ्यांच्या सऱ्या तीन-साडेतीन फुटांच्या, आणि अण्णासोंच्या पाच फुटांच्या. हे काम दीप्तीचं. दर नव्या लागणीला सरी सोडायला ट्रॅक्टर आला की ती टेप घेऊन बांधावर उभी राही. पाचाची चार झालेली चालत नसे. लोक म्हणत, "सरीतनं वरात काढायची हाय काय गं?" अण्णासो पहिल्या वर्षी दोन दिवस जेवले नव्हते. "वावरात ऊस लावाय लागलीयास का मैदान कराय लागलीयास?" म्हणून ओरडले, एकदा हात उगारून अंगावर आले. बाकी सगळ्या बाबतीत सगळ्यांचं ऐकणारी ही पोरगी त्या एका गोष्टीवर का अडून बसते, हे कुणी विचारलं नाही. दीप्तीला काही विचारायची या घरात पद्धतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी धाकटी बहीण अक्षता उचगावहून आली. ती आली म्हणजे आजारी असणार हे धरून चालायचं. पायरीवरच ती बसली.

"दीप्ते, माझ्या अंगात कणकण हाय. डोकं तर असं ठणकालंय की काय सांगू. घरात कुणाला पडलीय का माझी? जरा चहा टाक, आन् दोन भजी तळ. भज्यानं जरा बरं वाटतंय."

सोबत तिची नणंद संयोगिता होती. कॉलेज नुकतंच संपलेली, सतत हसणारी. अक्षताचा नवरा प्रसेनजीत म्हणजे तिचा भाऊ. त्यानंच उसाची सोय लावली होती, हे अक्षतानं भजी संपल्यावर सांगितलं.

"मशीन येतंय तुमच्या उसाला. ऊस तोडायचं मशीन. त्येला रुंद सरी लागती म्हणं, म्हणून ह्या अंगाला कुणीच बोलवत न्हाय. तुमच्या सरीत बसतंय. मालक ह्यांच्या वळखीचा हाय, बेळगाव तिकडनं आलाय. संघर्ष नाव."

निवडायला घेतलेल्या शेंगांचं सूप बायडाबाईंच्या हातातून खाली ठेवलं गेलं. दीप्ती चुलीपुढं होती. ती वळली नाही.

बायडाबाई म्हणजे अण्णासोंची थोरली बहीण, पोरींची आत्ती. नवरा गेल्यावर माहेरी आली ती इथलीच झाली. दीप्तीची आई लवकर गेली, तेव्हा दीप्तीला न्हाऊ घातलं, शाळेत घातलं, तापात उशाशी बसली ती आत्तीच. आणि आठ वर्षांपूर्वी संघर्षला नको म्हणायला लावलं तेही आत्तीनंच.

तेव्हा संघर्ष ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. एकदा दीप्ती बांधावर वाढ्याचा भारा बांधून उभी होती. तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे म्हणजे वाढं. म्हशींचा सुगीचा चारा. भारा बांधता एकटीला येतो, डोक्यावर घेता येत नाही. दुसरं कुणीतरी उचलू लागावं लागतं. रस्त्यानं ट्रॅक्टर आला. "अवो पावणं, वाईच उचलू लागा की," ती म्हणाली. त्यानं ट्रॅक्टर बंद न करताच खाली उडी मारली. त्या हंगामात तो रोज त्याच वेळी त्याच बांधावरून जायला लागला. जातीचा होता, स्वभावाचा होता, दिसायलाही बरा होता. फक्त त्याच्याकडं काही नव्हतं.

"ड्रायव्हरचं घर चाकावर," आत्ती म्हणाली होती. "आज हितं, उद्या तिथं. तुझी आई असती तर तिनं दिली असती का तुला?"

आईचं नाव आल्यावर दीप्ती संपली. बांधावर जाऊन तिनं संघर्षला सांगितलं, "आत्ती नको म्हणत्यात."

"आत्तीचं कळलं. तू काय म्हणतीस?"

ती उभी राहिली. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बराच वेळ उभी राहिली. शेवटी त्यानं ट्रॅक्टर चालू केला आणि गेला.

त्याची एकच गोष्ट तिच्याकडं उरली. तो एकदा म्हणाला होता, "पुढं तोडाय माणसं मिळायची न्हाईत. मशीन येणार. सरी पाच फुटाची सोडत जा." बस्स. ना फोटो, ना अंगठी. हे एवढं वाक्य धरून ती आठ वर्षं टेप घेऊन उभी राहिली. आता मशीन येणार होतं, आणि ते त्याचंच असणार होतं. तिला हसावं का रडावं कळेना, म्हणून तिनं आणखी भजी सोडली.

मशीन यायच्या आधी शेताच्या कडेच्या सऱ्या हातानं तोडाव्या लागतात, नाहीतर त्याला वळायला जागा मिळत नाही. ते करायला माणसं कुठली? दीप्ती पहाटे कोयता घेऊन गेली. दव पडलेलं, पाचट ओलं, हात कोपरापर्यंत कापून निघाले. उसाच्या पानांची बारीक कूस अंगात शिरली की आंघोळीनंही जात नाही, दिवसभर खाजत राहते. आत्ती मागं बसून वाढ्याच्या पेंढ्या बांधत होती आणि तोंड चालू होतं.

"तुझ्या बाला म्हणलं, दोन गडी बघ. तर म्हणतोय, मशीन येणार म्हणून गॉगल कुठं ठेवलाय ते शोधतोय."

उन्हं वर आली तेव्हा मशीन आलं. घराएवढं धूड, पिवळं, आवाजानं बांधावरची चिमणी सुद्धा राहिली नाही. अण्णासो गॉगल लावून स्वागताला उभे. केबिनमधून संघर्ष उतरला. अंगानं भरला होता. कानशिलाजवळ दोन-चार केस पांढरे झाले होते आणि त्यानं ते तसेच ठेवले होते.

"जय भीम, उपसरपंच."

"जय भीम, जय भीम! या, पावणं."

अण्णासोंनी त्याला ओळखलं नाही. ड्रायव्हरच्या तोंडाकडं त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. संघर्षनं वाकून सरी बघितली. मग पावलं टाकून मोजली, या टोकाची आणि त्या टोकाची.

"सरी बेस हाय. ह्या अंगाला पाच फुटाची कुणाचीच न्हाय. कुणी सांगितलंतं?"

दीप्ती कोयता घेऊन चार हातांवर उभी होती.

"कोण सांगणार?" अण्णासो म्हणाले. "आमचा अभ्यास हाय की शेतीचा. मी आधीच वळखलंतं, मशीन येणार म्हणून. लोक हसत हुती. मी म्हणलं, हसा."

दीप्तीनं बापाकडं बघितलं. असा राग तिला आयुष्यात आला नव्हता. पण चार माणसांत बापाला खोटं पाडायचं? संघर्ष "व्हय का," एवढंच म्हणाला. मग तिच्याकडं न बघता म्हणाला, "तुम्ही बाजूला व्हा. मशीन फिरवायचंय."

तुम्ही. आठ वर्षांपूर्वीच्या बांधावर तो अगं-तुगं करायचा.

मशीन उसात शिरलं. शेंडे उडवत, बुडखे कापत, कांड्यांचे तुकडे शेजारून चालणाऱ्या ट्रॉलीत ओतत निघालं. टोळीला दोन दिवस लागले असते तेवढं काम दुपारपर्यंत झालं. पण मागं वळून बघितलं तर वाढ्याचा भुगा. मशीन शेंड्याची चिंधी करून मातीत टाकत होतं.

"वाढं मिळणार न्हाय का?" दीप्तीनं जेवणाच्या वेळी विचारलं. "दोन म्हशी हायत."

"मशीन वाढं देत न्हाय," संघर्ष भाकरी मोडत म्हणाला. "वाढं पायजे हुतं तर टोळी धरायची हुती."

अण्णासो खाकरले आणि आभाळाकडं बघू लागले.

अक्षता आणि संयोगिता मशीन बघायला म्हणून रोज शेतात यायला लागल्या. म्हणजे संयोगिता मशीन बघायला यायची आणि अक्षता सावली बघायला. संयोगिता केबिनमध्ये चढून बसायची, भोंगा वाजवायची, संघर्षला नाना प्रश्न विचारायची. तोही हसून उत्तरं द्यायचा. अक्षता झाडाखालून नजर ठेवून होती.

"दीप्ते, बघालीस का? जोडा कसा दिसतोय! ह्यांच्या कानावर घालते. जरा पाणी दे, घसा सुकला."

एकदा संयोगिता म्हणाली, "मी ठरवलं की करते. घरात न्हाय म्हणू देत, न्हायतर काय बी म्हणू देत."

"असंच पायजे," संघर्ष म्हणाला. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. "मला बोलल्या शब्दावर ऱ्हाणारं माणूस आवडतंय. कुणी फुंकर मारली की हलणारं माणूस काय कामाचं?"

दीप्ती पलीकडं पाण्याची घागर उतरत होती. घागर तिनं खाली ठेवली आणि सावकाश, न सांडता, सगळ्यांना पाणी दिलं. त्यालाही दिलं. त्यानं तांब्या घेतला, वर बघितलं नाही. हा माणूस काय तिला ऐकवायला बेळगावहून मशीन घेऊन आला होता?

घरी येऊन तिनं म्हशीपुढं अशी बडबड केली की म्हैस धार द्यायची थांबली.

आणि मग उडीचा तो प्रकार झाला. मशीन बंद करून संघर्ष पाती बघत होता. संयोगिता वर शिडीवर उभी.

"हितनं उडी मारू?"

"नगं. शिडीनं उतरा. खाली बुडखं हायत."

"मी म्हणलं की मारणार!"

आणि मारली. पाय तुटलेल्या उसाच्या बुडख्यावर पडला, मुरगळला, आणि जो आवाज आला तो बांधावर बसलेल्या आत्तीनंही ऐकला. पोरगी पांढरीफटक पडली. संघर्षही जागच्या जागी खिळला. अक्षतानं किंकाळी फोडली, "माझ्या छातीत धडधडालंय! मला धरा!" आणि बांधावर आडवी झाली. अण्णासो दोन पावलं मागं सरकले, कारण सदरा पांढरा होता आणि मोडलेला पाय त्यांना बघवत नव्हता.

दीप्ती गुडघ्यावर बसली होती. "अण्णा, अक्षीला वारा घाला, तिला काय झालेलं न्हाय. आत्ती, पाणी." उभ्या उसातल्या दोन जाड सरळ कांड्या तिनं तोडल्या, पायाच्या दोन्ही बाजूंना लावल्या, अंगावरची ओढणी फाडून घट्ट बांधल्या. संयोगिता रडत होती. "रड, पन हलू नगंस. संघर्ष, उभा काय ऱ्हायलास? मशीनसंगचा पिकअप आण हिकडं. सरीतनं आण, सरी रुंद हाय."

संघर्ष पळाला. पळता पळता त्यानं एकदा मागं वळून बघितलं. तिनं त्याला एकेरी हाक मारली होती हे तिच्या ध्यानात नव्हतं. त्याच्या होतं.

पिकअप सरीतून थेट पोरीजवळ आला. तिला उचलून ठेवल्यावर प्रसेनजीतला फोन लावता लावता संघर्ष सगळ्यांना म्हणाला, "दीप्ती संगं येऊ दे. दुसरं कुणी नगं." अक्षताला त्याचा फार राग आला. आपल्याला काहीच येत नाही असं का लोकांना वाटतं, हे ती रात्रीपर्यंत बोलत राहिली.

संयोगिताच्या पायाला प्लॅस्टर झालं. काम थोडं मागं पडलं. अक्षता माहेरीच राहिली, धक्का बसला म्हणून. पलंगावर पडून तिनं सगळं ठरवून टाकलं. पोरगी मशीनवरून पडली, गावभर बोलणं झालं, संघर्ष दोनदा दवाखान्यात बघायला गेला; आता त्यानं हिच्याशी लग्न करणंच बरं. प्रसेनजीतला पटलं. अण्णासोंना तर फारच पटलं, कारण बैठक त्यांच्या घरी होणार होती आणि मधल्या खुर्चीवर ते बसणार होते. रविवार ठरला.

"संघर्षच्या कानावर तूच घाल," अक्षता म्हणाली. "तुझं ऐकतोय त्यो. आन् येताना मला लिंबू आण."

दीप्तीच्या हातात भाकरीचं पीठ होतं. ते तिनं परातीत असं आपटलं की अक्षता उठून बसली. अंगात कणकण असलेलं माणूस इतक्या चटकन उठतं हे दीप्तीनं पहिल्यांदा बघितलं.

त्याच संध्याकाळी संयोगिताचा फोन आला. "दीप्तीताय, ह्यो काय घोळ घातलाय समद्यांनी? मी कुणाला व्हय म्हणलंया? मला तर कुणी इचारलंच न्हाय! आन् खरं सांगू? प्लॅस्टर घालणारा पोरगा हाय हितं, लई हसवतोय." आणि ती खिदळली.

मला तर कुणी विचारलंच नाही. दीप्ती फोन हातात धरून बसून राहिली. ही कालची पोरगी ज्या गोष्टीवर फोन करून भांडली, तीच गोष्ट आपण आठ वर्षं गिळून बसलो आहोत, हे तिला फार झोंबलं.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या पट्ट्याचं काम होतं. जेवण घेऊन दीप्ती निघाली तशी आत्तीही निघाली. आत्तीला वाटत होतं, ही पोरगी काही बोलणार नाही, आपणच संघर्षला संयोगिताचं सांगून टाकावं. बांधावर फडकं सोडलं. संघर्ष हात धुऊन आला. आत्ती कशी सुरुवात करावी या विचारात होती, तेवढ्यात तोच बोलायचं म्हणून बोलला.

"उपसरपंचांनी सरी मात्र खरंच झकास सोडलीया. माणूस दूरचं बघणारा हाय."

आत्तीचा संयम तिथं संपला. टोळी गेल्यापासून ती भावाचं कौतुक ऐकत होती.

"अण्ण्या? अण्ण्याला सरी आन् केसातला भांग ह्यातला फरक कळत न्हाय! त्यो काय सरी सोडतोय? ही पोरगी! ही! आठ वर्सं टेप घिऊन बांधावर उभी ऱ्हाती. बा मारायला उठला तरी हलली न्हाय, गाव हसला तरी हलली न्हाय. मी शंभरदा म्हणलं, सोड गं बाई ह्यो नाद. तर तोंड न्हाय उघडत. आयुष्यात माझं समदं ऐकलं हिनं, आन् त्ये एक ऐकलं नसतं तर..."

आत्ती थांबली. आपण काय बोलून गेलो हे तिला बोलल्यावर कळलं. दीप्ती भाकरीच्या फडक्याची गाठ सोडत होती. गाठ आधीच सुटलेली होती. संघर्षचा घास हातातच राहिला. तो तिच्याकडं बघत होता, सरळ, पहिल्या दिवसापासून पहिल्यांदाच.

मग तो उठला, मशीनपर्यंत गेला, परत आला.

"आत्ती, शेवटच्या चार सऱ्या आज ऱ्हाऊ देत. मशीन तापलंया."

मशीन गार पडलं होतं. आत्तीनं ते बघितलं होतं, पण ती फडकं आवरायला लागली. घराच्या दारात आल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुझ्या आईचं नाव मी काढाय नगं हुतं गं त्या दिवशी." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दीप्तीनं तिचा हात धरला. रागही होता, मायाही होती. दोन्ही खरं होतं.

रविवारी सकाळी दीप्ती लवकर शेतात गेली. त्या चार सऱ्या उभ्या नव्हत्या. पण मशीन जागच्या जागी होतं, त्याच्यावर दव होतं. ऊस हातानं तोडला होता, बुडखे कोयत्याचे तिरके होते, मोळ्या ओळीनं लागल्या होत्या. आणि बांधावर हिरव्या वाढ्याचा भलामोठा भारा बांधून संघर्ष बसला होता. हात कोपरापर्यंत ओरखडलेले, तळव्याला फोड.

"कोयत्याची सवय सुटलीया हाताची," तो म्हणाला. "मशीनवर बसून बसून."

"मग कशाला तोडलास?"

"म्हशी दोन हायत म्हणलीस." तो उठून उभा राहिला. "मी तुला कच्च्या शब्दाची समजून बसलो. तुझ्या देखत काय काय बोललो."

"कच्चीच हुते. आत्ती नको म्हणत्यात म्हणून सांगितलं त्या दिवशी कच्चीच हुते. खोटं कशाला बोलू?"

"मग सरी?"

"त्येलाबी समदी नगं म्हणाय लागली. तवा म्हणलं, हे तरी न्हाय सोडायचं." तिचा आवाज चिरकला आणि तिला स्वतःचाच राग आला. "आन् तू! फोन न्हाय, निरोप न्हाय. आलास त्ये तुम्ही-तुम्ही करत. लोकाच्या पोरीला केबिनमधी बसवून मला ऐकवालास!"

"चुकलं."

"चुकलंच!"

तो हसला नाही. त्यानं तिच्याकडं बघून तोच जुना प्रश्न विचारला. "तू काय म्हणतीस?"

या वेळी तिनं माती उकरली नाही. "व्हय म्हणते. पन घरात इचारू बिचारू नगंस. तू इचारलंस की जबाब द्यायला चौघं पुढं येत्यात. भारा घे डोक्यावर, मी सांगते घरात."

दोघांनी मिळून भारा उचलला. तिनं तो त्याच्या डोक्यावर दिला. स्वतःचं मशीन बांधावर सोडून, डोक्यावर वाढं घेऊन, मशीनवाला भर सकाळी वाडीतून निघाला आणि पुढं दीप्ती. पारावरची माणसं बोलायची थांबली. नळाच्या चावीवर बायकांच्या घागरी भरून वाहायला लागल्या. "काय गं दीप्ते, आज वरात सरीतनं भाईर निघाली जणू?" कुणीतरी ओरडलं. "व्हय, निघाली," ती न थांबता म्हणाली.

दारात आत्ती झाडत होती. तिनं भारा बघितला, भाऱ्याखालचं तोंड बघितलं, आणि केरसुणी भिंतीला टेकवली. अक्षता पलंगावरून उठून उंबऱ्यात आली. आतल्या खोलीतून आवाज आला. आज बैठक म्हणून अण्णासोंनी पुन्हा केसांना काळं लावलं होतं.

"कोण आलंय गं?"

"जावाई आलाय," दीप्ती म्हणाली.

"प्रसेनजीत? इतक्या लौकर?"

"त्यो न्हवं. दुसरा. माझा."

मग अण्णासो म्हणाले, "बसीव त्येला. ह्या अवतारात मी भाईर येऊ?"

"त्यो बसंल, अण्णा. आठ वर्सं बसलाच हाय. मी न्हाय बसायची. हाय तसं येत असला तर या, न्हायतर चाललो आम्ही."

"अगं पन..." अक्षतानं तोंड उघडलं.

"तू गप पड जा," आत्ती म्हणाली आणि तिला बाजूला सारून आत गेली. आत काय झालं ते दिसलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, अण्णासोंचं "अगं आक्का, रंग, रंग!" ऐकू आलं, आणि बायडाबाई भावाला दंडाला धरून उंबऱ्याबाहेर घेऊन आली.

माजी उपसरपंच उघड्या दारात उभे राहिले. डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी, अंगात बनियन, कानामागून काळा ओघळ मानेवर उतरत होता. समोर संघर्ष, डोक्यावर भारा घेऊन तसाच उभा. भारा डोक्यावर चढवायला जसं दुसरं माणूस लागतं, तसं उतरवायलाही लागतं, आणि अजून कुणी पुढं झालं नव्हतं. त्याची मान थरथरत होती. दीप्तीला पुढं होता आलं असतं. ती झाली नाही. ती बापाकडं बघत राहिली.

अण्णासोंनी रस्त्याकडं बघितलं. अर्धी वाडी जमली होती. पोरीच्या तोंडाकडं बघितलं, तिथं हलायचं काही लक्षण नव्हतं. मग ते पायरी उतरले आणि रंगानं काळे झालेले दोन्ही हात त्यांनी भाऱ्याला लावले.

"सावकाश," ते म्हणाले. "मान धरंल, पावणं."